लेहजवळ गटानं श्रमदान-सुट्टी: १४ जण, १२ दिवस, कामाचा हिशेब कसा बसवायचा?

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातला आमचा १४ जणांचा गट आहे, वय २२ ते ५८, त्यात पाच महिला. समतल चर, दगडी बांध, गाळ काढणं या कामांची सगळ्यांना सवय आहे. यंदा लेहजवळच्या एका गावात घरगुती मुक्काम करून निम्मा दिवस काम आणि निम्मा दिवस भटकंती असा बेत आहे. राहण्या-जेवणाचे पैसे आपण द्यायचे, काम विनामोबदला. घरमालकांनी तीन कामं सुचवली आहेत: हरितगृहाच्या भिंतीसाठी कच्च्या विटा पाडणं, पाटाकडेचा ढासळलेला गडगा पुन्हा रचणं, आणि घराच्या धाब्याला माती देणं.

प्रश्न असे:
१) सगळ्यांची मिळून रजा १२ दिवसांची. त्यात आठ दिवस काम धरलंय. जमेल का?
२) रेल्वे-रस्त्यानं जावं की विमानानं?
३) विटा किती होतील? आम्ही २००० सांगायच्या विचारात आहोत.
४) एकाला बीपी, एकाला शुगर. न्यावं की नको?
५) फावडी, टिकाव, घमेली इथून न्यायची का?

कोरेगावचं_फावडं

आठ दिवस विसरा. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन दोन तृतीयांशच. महाबळेश्वर जेमतेम १४०० मीटर, त्यामुळं आपल्याकडच्या सरावाचा तिथं उपयोग नाही. आधी दिवस मोजू.

विमानानं: पहिल्या दिवशी संध्याकाळी पुणे-दिल्ली, दुसऱ्या दिवशी पहाटेचं दिल्ली-लेह. दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण आराम, म्हणजे खरोखर अंथरुणावर. चौथ्या दिवशी गावात सपाटीवर फेरफटका, काम बघून घेणं, माती भिजत घालणं. काम पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी. आठवा सुट्टीचा. नववा-दहावा काम. अकराव्या दिवशी परतीचं विमान, बारावा राखीव. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात. दुपारी वारा सुटतो आणि तापलेली विरळ हवा विमानाला नीट उचल देत नाही. सकाळी हवामान बिघडलं तर फेरी रद्द होऊन दुसऱ्या दिवसावर जाते. राखीव दिवस म्हणून हवाच.

रस्त्यानं: गोवा एक्सप्रेस सांगली आणि सातारा दोन्हीकडं थांबते आणि थेट हजरत निजामुद्दीनला जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे तुम्हाला तीन तिकिटं. दोन दिवस प्रवासात धरा. तिसऱ्या दिवशी दिल्लीहून श्रीनगर विमानानं आणि मुक्काम सोनमर्गला (सुमारे २७०० मीटर). चौथ्या दिवशी झोजिला ओलांडून कारगिल, उंची तेवढीच. पाचव्या दिवशी आल्ची, साधारण ३१०० मीटर. सहाव्या दिवशी लेह, उरलेला दिवस आराम. सातवा हलक्या कामाचा. मग आठ, नऊ, दहा काम, अकरा सुट्टी, बारा-तेरा काम. चौदाव्या दिवशी लेह-दिल्ली विमान, सोळाव्याला घरी.

थोडक्यात, विमानानं १२ दिवसांत कामाचे पाच दिवस आणि रस्त्यानं १६ दिवसांत कामाचे पाचच दिवस. फरक इतकाच की दुसऱ्या वाटेनं शरीर टप्प्याटप्प्यानं वर चढतं, त्रास कमी होतो. रजा १२ च असेल तर विमान, पण मग दोन दिवसांच्या आरामात काटछाट नाही.

मनालीकडून जाणार असाल तर सरचूला झोपू नका. ते ४२०० मीटरच्या वर आहे आणि मनालीहून (२००० मीटर) एका दिवसात तिथं जाऊन झोपणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. जिस्पा किंवा केलाँगला थांबा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून थेट लेह गाठा. त्या दिवशी 'टांगलांग ला' हा घाट (तिकडं 'ला' म्हणजे खिंड) ५३०० मीटरवर लागतो, पण तिथं झोपायचं नसतं, ओलांडायचं असतं. एक अडचण राहतेच: जुलै-ऑगस्टात मंडी-कुल्लूकडं दरडी कोसळतात. त्या महिन्यांत श्रीनगरची बाजू बरी.

आणि "लेहजवळचं गाव" म्हणजे नेमकं किती उंचीवर, हे घरमालकांना विचारा. सिंधूकाठचं गाव ३२०० वर असेल, नाल्यात वर चढून गेलेलं ३८०० वरही असेल. तसं निघालं तर पहिल्या दोन रात्री लेहमध्येच काढा.

मिरजेचा_स्टेथो

चौथ्या प्रश्नाबद्दल. "न्यावं की नको" हे इथं बसून कुणी सांगू नये. दोघांनीही निघण्याच्या महिनाभर आधी आपापल्या डॉक्टरांना भेटावं. ढोबळ चित्र असं: गोळीनं नीट ताब्यात असलेला बीपी हा सहसा अडसर ठरत नाही, मात्र वर गेल्यावर पहिले काही दिवस तो चढू शकतो, म्हणून मशीन बरोबर घ्या आणि गोळी चुकवू नका. शुगरवाल्यांनी इन्सुलिन गोठू द्यायचं नाही, थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतो, तो आधी खिशात उबवायचा. हृदयविकार, दम्यापलीकडचे फुप्फुसाचे आजार, गरोदरपण, सिकलसेल असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय तिकीटच काढू नका.

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) बद्दल विचारणार हे नक्की. प्रतिबंधासाठी प्रौढांचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, म्हणजे बाजारातल्या २५० च्या गोळीची अर्धी. वर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून पोहोचल्यावर दोन दिवस घ्यायची. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोकची चव बिघडते. यात घाबरण्यासारखं काही नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी घेतली म्हणून आरामाचे दिवस कमी होत नाहीत.

गटातल्या प्रत्येकाला तीन गोष्टी पाठ हव्यात.

डोकेदुखी, त्यासोबत मळमळ, भूक नसणं, चक्कर किंवा गळून जाणं: हा विरळ हवेचा साधा त्रास. त्या दिवशी काम बंद, पॅरासिटामॉल, आराम, आणखी वर जायचं नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो.

बसल्या जागी धाप, न थांबणारा खोकला, ओठ निळसर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी: फुप्फुसात पाणी उतरतंय.

बरळणं, तोल जाणं: मेंदूला सूज. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही की संशय पक्का.

शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन, लेहचं सोनम नोर्बू रुग्णालय, आणि खाली उतरवणं. रात्री गाडी कोण काढणार हे पहिल्याच दिवशी घरमालकांशी बोलून ठेवा.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण त्या आकड्याच्या नादी लागू नका. लेहमध्ये धडधाकट माणसाचाही आकडा पहिल्या दिवसांत ८५ ते ९० च्या आसपास असतो. इथल्या ९८ शी तुलना करून अर्धा गट घाबरतो. माणूस कसा दिसतोय, जेवतोय का, हे आधी बघा.

कापराची पुरचुंडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं वाटतं, एवढंच. फवाऱ्याचे छोटे ऑक्सिजन डबेही काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. दारू आणि झोपेची गोळी पहिले तीन दिवस अजिबात नाही, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

सर्वांत जास्त लक्ष कुणावर ठेवायचं? ५८ वाल्या काकांवर नव्हे, तुमच्यातल्या कासच्या घाटात पळणाऱ्या पोरांवर. तंदुरुस्तीनं या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. उलट अशी पोरं उतरल्याउतरल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतात आणि रात्री आडवी होतात.

म्हसवडचं_माळवद

विटा २००० सांगू नका राव, तोंडघशी पडाल. ५०० सांगा.

हिशेब असा. तिकडचा साचा साधारण १२ × ६ × ६ इंचाचा. एका विटेत सात लिटर माल, वाळल्यावर बारा किलोच्या आसपास, ओली पंधरापर्यंत. १०० विटा म्हणजे सव्वा टन कोरडी माती खणायची, भिजवायची, तुडवायची, उचलायची. एवढ्या उंचीवर माणसाची दमदारी पाचव्या हिश्श्यानं तरी घटते, आणि तुमचे हात मुरमाला सरावलेत, चिखलाला नाही. चार जणांच्या टोळीनं चार तासांत ८० ते १०० विटा पाडल्या तरी पुष्कळ. दोघं चिखल तुडवायला नि आणायला, एक साच्यावर, एक मांडायला. दर अर्ध्या तासानं जागा बदला. तीन टोळ्या करा, दोन विटांवर, एक गडग्यावर. उरलेले दोघं स्वयंपाकाला मदत आणि दमलेल्याच्या बदली.

विटा कामाच्या पहिल्या तीन दिवसांतच उरका, गडगा आणि धाबं मागं ठेवा. कारण वीट पाडली की काम संपत नाही. दोन-तीन दिवसांनी ती कडेवर उभी करायची, आठवड्यानं फटी ठेवून रचायची. शेवटच्या दिवशी पाडलेल्या विटा तुम्ही निघून गेल्यावर घरमालकाच्याच गळ्यात.

मातीची परीक्षा: बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून दिवसभर ठेवा. तळाला वाळू बसते, मधे पोयटा, वर चिकण. चिकण पाचवा हिस्सा असली की झकास. जास्त असली तर वीट तडकते, वाळू घाला. कमी असली तर कोपरे झडतात, चिकणमाती शोधा. घरमालकाला ठाऊक असतंच, पण आपल्यालाही कळलेलं बरं.

माती आदल्या संध्याकाळी आळं करून भिजवा. रात्रभर मुरली की ढेकळं फुटतात. सकाळी जवाचं भुसकट, बोटभर लांबीचं, घालून तुडवा. आपल्या काळीच्या अंदाजानं पाणी ओतू नका, तिकडची माती हलकी असते, झटक्यात पातळ होते. साचा उचलल्यावर वीट बसली, फुगली: पाणी जास्त. माल साच्यालाच धरून राहिला, कोपरे तुटले: पाणी कमी नाहीतर साचा कोरडा. दर विटेला साचा पाण्यात बुचकळा. १०० विटांना अडीचशे ते तीनशे लिटर पाणी लागतं, हे घरमालकाला आधीच सांगा.

ऊन आणि वारा दोन्ही कडक, त्यामुळं विटेचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं ओलं राहतं, आणि मधोमध चीर जाते. पहिला दिवस वर गवत नाहीतर पोती टाका.

गडग्याला चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगड. पायाची रुंदी उंचीच्या निम्मी. पाया घट्ट जमिनीपर्यंत खणा, मोठे दगड तळाला. दगडाचं लांब अंग भिंतीच्या आत जाऊ द्या, दिसायला छान म्हणून दर्शनी बाजूला आडवा लावू नका. बहुतेक गडगे याच हौसेनं पोट काढतात. सांधेमोड हवीच, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथंच उकलते. दर दोन फूट उंचीला, तीन-तीन फुटांवर एक आरपार दगड. पोटात चिपा ठोकून भरा, माती भरू नका: माती पाणी धरते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगड बाहेर ढकलते. वर जाताना फुटाला दोन इंच आत ढाळ. चार जणांनी पाच दिवसांत कमरेएवढा दहा-बारा फूट गडगा नीट रचला तर शाबासकी.

धाब्याचं काम माणदेशातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. आपल्या माळवदासारखंच आहे: पॉप्लरच्या तुळया, वर विलोच्या काटक्या, गवत, आणि मग माती. सगळ्यात वरच्या थराला तिकडं 'मार्कलक' नावाची चिकट माती वापरतात. लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणून सपाट छत चालतं, पण ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीसारखं कधी कोसळतंही. पन्हाळीकडं उतार मोडता कामा नये. धाब्यावर एका वेळी चौघांच्या वर चढू नका आणि भिजल्या मातीचे ढीग एका जागी ओतू नका. खालच्या काटक्या जुन्या असतात.

हत्यारं नेऊ नका, विमानात वजनाचे पैसे भराल. लेह बाजारात सगळं मिळतं. हातमोजे मात्र माणशी दोन जोड न्या, कोरड्या हवेत चिखलानं हात उलतात. व्हॅसलीनही.

यवतेश्वरचा_वारा

दादा, डॉक्टर, मनापासून आभार. आठवरून पाच दिवस झाले हे गटाला पटवायला वेळ लागेल, पण आकड्यांपुढं काय बोलणार. अजून दोन शंका. पाण्याचं काय भानगड आहे? आणि जेवणाचं काय न्यावं? काहीजण पॅन्गाँग तलावावर मुक्काम करायचाच म्हणताहेत.

तासगावची_वेल

पाण्याचं सांगते. तिथलं पाणी म्हणजे हिमनदी-बर्फाचं वितळ. पाटाला 'युरा' म्हणतात, साठवण तळ्याला 'झिंग', आणि आपल्या पाटकऱ्याला 'छुरपोन'. कुणाच्या शेताला कधी पाणी, हे तो ठरवतो. जवाला पाण्याची ओढ लागलेली असताना तुम्ही तीनशे लिटर चिखलात घातलं तर यजमानाचं गावात भांडण लागेल. यजमानाच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी पिंप भरून ठेवा आणि विटा त्यावरच पाडा. गडग्यासाठी पाट बंद करावा लागला तर तेही छुरपोनला विचारूनच. बऱ्याच गावांत त्याच पाटाचं पाणी पुढं प्यायलाही जातं. त्यात हात-पाय, घमेली, कपडे धुवायचे नाहीत. आणि गटातल्या तंबाखूवाल्यांना आधीच दम द्या, पाटात पिचकारी गेली तर श्रमदान राहिलं बाजूला.

शौचालय बहुतेक कोरडं असतं: वरच्या मजल्यावर भोक, बाजूला मातीचा ढीग. काम झालं की फावडंभर माती टाकायची. पाणी ओतायचं नाही, ओतलं की कुजण्याची क्रिया बिघडते, वास सुटतो, आणि तेच खत ते शेतात घालतात. महिलांनी पॅड परत आणायच्या पिशव्या न्याव्यात. आंघोळ दोन दिवसांआड बादलीभर धरा.

जेवण: ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ-भात उघड्या भांड्यात शिजत नाही. यजमानाकडं कुकर असतो, पण चौदा माणसांचा असेलच असं नाही, विचारून घ्या. इथून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजक्या शेंगा, गुळाच्या वड्या न्या. पहिले दोन दिवस भूक मरते तेव्हा दोन घास यांच्यावरच जातात. कंदी पेढे यजमानासाठी. प्लॅस्टिकच्या पुड्या करू नका, कापडी पिशव्यांत बांधा. लेहमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांना १९९८ पासून बंदी आहे. येताना सगळा कचरा परत.

पॅन्गाँगचा हट्ट सोडा. ४२०० मीटरच्या वर झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायचं हे जमत नाही. मुक्कामच करायचा तर नुब्रा खोरं. वाटेत खारदुंग ला ५३५९ मीटर (जुन्या पाटीवरचा १८,३८० फुटांचा आकडा फुगवलेला होता), पण पलीकडं नुब्रातलं दिस्कित गाव लेहपेक्षा खाली आहे, झोप चांगली लागते. मात्र लेहला पोहोचून पाच दिवस झाल्याशिवाय खारदुंग ला नको. आठव्या दिवशी ते भरलेले असतील, पण मुक्काम त्या एका दिवसाच्या सुट्टीत बसत नाही. नुब्रासाठी एक दिवस आणखी काढावा लागेल, तो कामातून जाईल. गाडी लेहच्या टॅक्सी युनियनची लागते, बाहेरची भाड्याची गाडी फिरवू देत नाहीत. आणि १४ माणसं सामानासकट एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावत नाहीत. दोन गाड्या, नाहीतर गट अकरा-बाराचा करा.

बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात चार तरी पोस्टपेड हवेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे. रोख पैसे जवळ असू द्या.

तारखा: आमच्या तासगावची फळछाटणी सप्टेंबरअखेर सुरू होते, तुमच्याकडं सोयाबीनची काढणी. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा मोकळा असतो, पण तिकडं तेव्हाच जवाची कापणी सुरू होते. यजमानाला त्या दिवसांत विटांपेक्षा कापणीला हात हवे असतील. विचारा. सुचवलेली कामं बाजूला ठेवून विळा हातात घ्यायची तयारी ठेवा, ती कामाची खरी मदत ठरेल.

कोरेगावचं_फावडं

वेलताईंच्या मुद्द्याला जोडून: यजमानाला हेही विचारा की या कामाला ते एरवी मजूर लावतात का. लावत असतील तर तुम्ही फुकट करून कुणाची तरी रोजी मारताय. तिथं झारखंड-बिहारहून, नेपाळहून माणसं हंगामी कामाला येतात. घरच्या माणसांनी वर्षानुवर्षं लांबवलेलं काम असेल तर बिनधास्त घ्या.

यवतेश्वरचा_वारा

विचारलं. विटा आणि गडगा दोन्ही घरचेच करतात, माणसं नाहीत म्हणून रखडलंय. धाब्याला मात्र दरवर्षी एक गवंडी आणि दोन मजूर येतात, ते काम आम्ही सोडलं. कापणी २० ऑगस्टच्या सुमारास. गट ११ वर आणतोय, विमानानं १२ दिवस, विटा ५००. नुब्रा रद्द, आठव्या दिवशी आल्चीचा मठ बघून परत. साच्याचं माप मागवलंय.

म्हसवडचं_माळवद

अकरा असाल तर विटांवर चार-चारच्या दोन टोळ्या तशाच ठेवा, गडग्यावर तिघं, बदली माणूस नाही. मग तास चारावरून साडेतीनवर आणा. साच्याचं आतलं माप घ्या, बाहेरचं नको. आणि साचे एकाऐवजी तीन करून ठेवायला सांगा, ओलं लाकूड फुगून एक तरी साचा अडकतोच.